फटफटी आणि माझा नेम

१७ नोव्हेंबर १९४६, रविवार

बैलजोडी विकली! विचारणं लांबच, मला सांगितलंसुद्धा नाही. सकाळी गोठ्यात गेले तर दोन्ही दावी खुंटीला लोंबत होती.

जिनपाल म्हणतो — "आज्जी, बेळगावात क्यांपात लष्करी सामानाचा लिलाव हाय. फटफटी घेनार."

नवी नाही, वापरलेली. गोऱ्या शिपायांची, लढाईतली. लढाई संपली, त्यांना आता नको. आम्ही म्हैस घेताना दात बघतो, सड बघतो, आणि धनी का विकतोय ते चार माणसांत विचारतो. हिचा धनी बोटीत बसून गेला आपल्या मुलखात! विचारायचं कुणाला?

हे बोलले तर हसला. चोवीस वर्षांचा झाला, अक्कल दुधाच्या दाताबरोबर पडली.

२० नोव्हेंबर, बुधवार

आणली. बेळगावापासून निपाणीपर्यंत स्वतः वर बसून आणली. आवाज आधी आला, माणूस मागनं. शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

रेडा आहे रेडा! लांब, बुटकी, शिंगं दोन्हीकडं फाकलेली. बसायला कातड्याचं रुंद खोगीर, त्याखाली स्प्रिंगा. पाय ठेवायला फळ्या. टाकीच्या अंगाला एक दांडा, तो सरकवला की चाल बदलते म्हणे. हिरव्या रंगावर पांढरा तारा होता, तो खरडलाय, तरी दिसतो.

मी भोवती फिरून बघितलं. पुढच्या चाकावरचा पत्रा चेपलेला.

म्हटलं, "हे कशानं?"

"पडली असंल कवातरी."

"आणि वर बसलेला?"

फडकं घेऊन टाकी पुसायला लागला.

नातसून ब्राह्मी आरतीचं ताट घेऊन पुढं. लग्नाला वर्ष झालं नाही आणि नवऱ्याला रेड्यावर बसवून ओवाळते! मी म्हटलं, यमाला आणखी काय वेगळं वाहन असतं गं? तर म्हणते, "आज्जी, तुमच्या तोंडाला कुलूप लावायला लिलावात काय मिळतंय का बघायला पायजे हुतं."

पोरगी तोंडाची बरी आहे. टिकेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

भ्याले आहे. इथं लिहिते, कुणाला सांगायची नाही.

हा दोन वर्षांचा असताना प्लेगानं आईबाप नेले. त्याआधी चार वर्षं ह्याचा आजा गेला — तवंदीच्या घाटात. संकेश्वराकडनं तंबाखूच्या दोन गाड्या येत होत्या. पुढच्या गाडीवर हे, मागच्या गाडीवर गाडीवान यल्लाप्पा. उतारावर सर्जा बुजला, गाडी उलटली. यल्लाप्पानं दारात येऊन एवढंच सांगितलं. सर्जाला मी परत दावणीला बांधू दिलं नाही. त्याच्या जोडीदारालाही नाही.

आणि आता हा. वखारीसाठी तंबाखू बघायला रोज संकेश्वराकडं जाणार. तोच घाट. तोच उतार.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गेला. आला. मधे मी काय केलं ते आठवत नाही. डाळ करपली.

२ डिसेंबर, सोमवार

सांगून झालं, भांडून झालं, दोन दिवस बोलले नाही तेही झालं. "आज्जी, सर्व्हिस मोटारीची वाट बघण्यात निम्मा दिस जातोय. मी जपून चालवतो." जपून चालवणारे सगळे असंच म्हणतात. ह्याचा आजाही म्हणायचा.

७ डिसेंबर, शनिवार. चतुर्दशी

यल्लाप्पाच्या गाडीतनं तवंदीला बस्तीत, आमच्या जैनांच्या देवळात गेले. पार्श्वनाथासमोर नेम घेतला. जिनपाल सुखरूप दारात आल्याशिवाय संध्याकाळचा घास तोंडात घालायचा नाही.

बस्तीतले उपाध्ये म्हणाले, "आज्जी, विचार करा. नेम घेनं सोपं असतंय."

विचार करूनच घेतला. दिवस मावळल्यावर आमच्यात पाणीसुद्धा नाही. म्हणजे हा उशिरा आला की मी उपाशी. बघू आता रेडा किती दिवस दारात राहतो! म्हातारीला उपाशी मारतो म्हणून गल्ली तोंडात शेण घालील, मग आपोआप विकेल.

परत येताना उतारावर मी डोळे मिटले. यल्लाप्पा बैलांना सावकाश, सावकाश म्हणत होता. तो इथं नेहमी खाली उतरून चालतो. सव्वीस वर्षं झाली.

८ डिसेंबर, रविवार

जिनपालला नेम सांगितला. तोंड पांढरं पडलं. "आज्जी, हे काय केलंस गं!" म्हणाला. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू.

९ डिसेंबर, सोमवार

ऊन ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर होतं तेव्हा आला. जेवले.

१० डिसेंबर

दुसऱ्याच पायरीवर. जेवले.

१२ डिसेंबर, गुरुवार

नेमाचं बळ बघा! रोज उजेडात घरी. पूर्वी सर्व्हिस मोटारीनं यायचा तेव्हा दिवेलागण व्हायची, तोही उपाशी राहायचा. आता दोघं मिळून जेवतो. मनात आलं, रेड्याला वेसण घातली मी. विकली नाही तरी चालेल.

ब्राह्मीला हे बोलून दाखवलं. ती चुलीतली लाकडं सारत बसली. 

१४ डिसेंबर, शनिवार

आज ऊन शेवटच्या पायरीवर होतं. आला तो धुळीनं पांढरा, डोळे लाल, भुवईत चिलटं चिकटलेली. ती फडक्यानं पुसली. किती जीव मेले असतील! बोलले तर म्हणाला, "जेव आज्जी आधी, जेव." माझ्या पुढ्यात ताट त्यानंच सरकवलं. डोळे लाल का, म्हटलं. थंडीनं, म्हणाला.

१६ डिसेंबर, सोमवार

मावळला. नाही आला.

मी उंबऱ्यावर बसले होते.  पिठाच्या गिरणीचा आवाज — तोच वाटला. कुणाची मोटार गेली — तोच वाटला.

ब्राह्मीनं दिवा लावला आणि फटफटी आली. चाक पंक्चर झालं होतं. एवढंच. मी उपाशी निजणार म्हणून पोरगा माझ्या पायावर डोकं ठेवून रडला. "परत न्हाय व्हनार आज्जी. कायबी झालं तरी परत न्हाय."

मी म्हटलं, व्हायला नकोच.

१९ डिसेंबर, गुरुवार

ऊन पहिल्या पायरीवर! इतक्या लवकर कधी आला नव्हता. गुडघ्यावर धोतर फाटलेलं. खुंटाला अडकलं, म्हणाला. चेपलेल्या पत्र्याकडं बघितलं मी. एक चेप जास्त आहे. मोजून ठेवलेत मी पहिल्या दिवसापासून, त्याला ठाऊक नाही.

२२ डिसेंबर, रविवार

यल्लाप्पा आला होता. सरपण टाकलं, ओट्यावर बसला, पाणी प्याला, उठेना. म्हातारा झालाय. म्हटलं, काय रं, बोल.

"आक्का, रागावू नगा. तुमचा जिनपाल घाट उतरतोय तसा कुनी मरायलाबी उतरत न्हाय. परवा माझ्या बैलांच्या शिंगाजवळनं गेला. म्या ओरडलो. थांबला न्हाय. उलट ओरडला — यल्लामामा, आज्जी जेवायची हाय!"

माझ्या हातातलं सूप तिथंच राहिलं.

पुढं म्हणाला ते लिहिते. लिहायला नको होतं, पण मग कुठं ठेवू?

"मालक तवा असंच म्हनालते, आक्का. सर्जा बुजला न्हवता. दिस कलला हुता. मालकांनी मागं वळून मला हाळी दिली — हाण यल्ला, ती जेवायची थांबली असंल. आनि स्वताच्या बैलांना चाबूक वडला, उतारावर. आदी कदी वडला न्हवता."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगून तुमी काय केलं असतं?"

उठला, गेला. ब्राह्मी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिला म्हटलं, तुला ठाऊक होतं त्याच्या धावण्याचं?

"ठावं हुतं. त्यांनी शपथ घातलती. म्हनले, आज्जीला कळलं तर ती जेवायची सोडंल."

नेम नव्हता तेव्हाही मी ह्याच्या आजासाठी थांबत होते. रोज ताट झाकून. तेही कळत होतं त्यांना. सव्वीस वर्षं मी सर्जाला शिव्या दिल्या. मुकं जनावर.

२३ डिसेंबर, सोमवार

जिनपाल गेल्यावर यल्लाप्पाच्या गाडीतनं बस्तीत गेले. उपाध्यांना म्हटलं, नेम सोडवून द्या. म्हणाले, "प्रायश्चित्त हाय आज्जी. उपवास, जाप. पन देवापुढं घेतलेला नेम मोडल्याचं पाप सगळं धुऊन जातंय असं मी सांगनार न्हाय."

नका सांगू, म्हटलं.

संध्याकाळी जिनपालला सांगितलं, माझा नेम सुटला, उद्यापासून सावकाश ये. तो आणि ब्राह्मी एकमेकांकडं बघून हसले. "तू आनि नेम सोडनार! आज्जी, तवंदीचा डोंगर हलंल, तू न्हाय." मी घाई करू नये म्हणून खोटं बोलतेस, म्हणाला. वर म्हणाला, उद्या दुपारनं निघणार, संकेश्वरात काम मोठं आहे, पण उजेडात येतोच.

दुपारनं निघून उजेडात! 

२४ डिसेंबर, मंगळवार

तो फटफटीवर बसला. मी ताट घेऊन ओट्यावर आले आणि त्याच्या देखत संध्याकाळचं जेवले. दीड भाकरी, मुगाची आमटी. "आज्जी! नेम!" — ओरडला. म्हटलं, मोडला. शेवटचा घास गिळला, वर पाणी प्याले. तुझी भाकरी पिशवीत बांधलीय, संकेश्वरात ऊन असतानाच खा. आणि घाटात बघ — दिवस मावळू दे पुरता. मग निघ. अंधारात ये.