दादाची दुर्बीण

घरून,
ता. ९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्र. अण्णांची उजवी बाजू लुळी पडली, पण कान दोन्ही शाबूत आहेत, आणि मी फोन उचलला की ते श्वास धरून ऐकतात.

माझ्या गुडघ्याचं निदान झालं एकदाचं. हाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हाडाच्या टोकावर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं, त्याला डाव्या गुडघ्यात एका जागी भोक पडलंय. मी म्हटलं, म्हणजे कोट धड आणि अस्तर फाटलं. त्या हसल्या. म्हणाल्या अगदी तसंच, फक्त या अस्तराला रक्त पोचत नाही, म्हणून ते आपलं आपण भरून येत नाही. आता गुडघा उघडत नाहीत. दोन लहान छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारं आत घालतात, फाटलेल्या कडा साफ करतात आणि खालच्या हाडाला बारीक टोचे मारतात. त्यातून रक्त वर येतं, साकळतं आणि हळूहळू नवं अस्तर धरतं. आपल्याच रक्ताची इंजेक्शनं, बाहेर वाढवलेल्या पेशी आत बसवणं, असेही प्रकार आहेत, पण माझ्या भोकाच्या मापाला हेच बरं. भोकं पाडून अस्तर जोडायचं हे मला नवीन नाही, सुई दुसरं काय करते!

पण हे आत्ता केलं तरच. भोक रुंदावलं तर पुढे सांधाच बदलावा लागेल, आणि त्यासाठी मी फार लहान आहे म्हणे. पंचेचाळिशीत कुणी लहान म्हटलं, तेवढंच बरं वाटलं. दोन फेब्रुवारीची तारीख देतायत. त्यानंतर दीड महिना तो पाय जमिनीला टेकायचा नाही.

आता सांग, अण्णांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात कोण नेणार? उचलताना ते अजून बस डेपोत नोकरीला असल्यासारखे, गाडी मागे घेताना ओरडायचे तसे ओरडतात, येऊ दे, येऊ दे, बास. मग तक्रारी सुरू. पाठ अवघडली, माझे हात गार आहेत, दादा असता तर एका दमात उचललं असतं. मी फार दमलेय रे. शिवणाचे कपडे तसेच पडलेत आणि गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून परत जातायत.

वहिनीला नमस्कार. उत्तर लवकर धाड.

तुझी,
ठकी

कामावरून,
ता. १६ जानेवारी

चि. ठकी हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. यात विचार करण्यासारखं काही नाही. ऑपरेशन करून घे. तारीख सोडू नकोस. अण्णांसाठी दिवसभराचा माणूस ठेव. पलंग संडासाच्या दाराजवळ सरकव, म्हणजे उचलायचं अंतर कमी होईल. तू स्वतः मावशीकडे जा, तिचं घर तळमजल्यावर आहे, तुला जिन्याची कटकट नाही. बघ, नीट आखलं की सगळं सरळ होतं.

मला मात्र निघता येणार नाही. नव्या रस्त्याची मोजणी डोंगरापाशी आली आहे, मार्च संपेपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून डोळ्याखाली काळं वर्तुळ उमटलंय, वहिनी म्हणते कुणीतरी ठोसा मारल्यासारखं दिसतं.

डोकं शांत ठेव, ठकीबाई. तू घाबरलीस की हिशोब सोडून घाबरतेस. अण्णांना नमस्कार सांग.

तुझा,
दादा

घरून,
ता. २४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सूचना मिळाल्या. माणूस ठेवला होता. अण्णांनी त्याला डेपोतला कंडक्टर समजून असं काही फैलावर घेतलं की तो जेवायला म्हणून गेला तो गेलाच. पलंग सरकवला, तर अण्णांना तिथून खिडकी दिसेना. त्यांनी जेवण सोडलं, पलंग पुन्हा जागेवर आला. तो कुणी सरकवला असेल ते तू आखून बघ.

तुझं सगळं बरोबर असतं, कारण तुला ते लांबून दिसतं. तू मोजणीचं काम शिकत होतास तेव्हाही मैदानात हेच चालायचं. तू सावलीत दुर्बीण लावून, आणि समोर उन्हात मोजणीची उंच पट्टी धरून मी. मी जरा हलले की तिथून ओरडायचास. दादा, मी अजून तिथेच उभी आहे.

आता गंमत ऐक. मी मावशीला सांगत असताना अण्णांच्या कानावर ‘दुर्बिणीनं ऑपरेशन’ एवढंच पडलं. आपल्या घराला ठाऊक असलेली दुर्बीण एकच, तुझी. झालं. त्यांनी न्हाव्याला वर बोलवून दाढी करून घेतली. निळा सदरा काढायला लावला. खुर्ची खिडकीशी न्यायला लावून बसले. विचारलं तर म्हणाले, दादा दुर्बीण घेऊन ठकीचा पाय बरा करायला येतोय. शेजारच्या बाईंनाही सांगून झालं की जो मुलगा एवढ्या लांबचं अचूक बघतो, त्याला घरातला गुडघा काय जड. मी समजावून सांगितलं. मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाढी, पुन्हा निळा सदरा. मी आधी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

सोमवारी दवाखान्यात फोन करून तारीख सोडतेय. गुडघ्याचं व्हायचं ते होईल. तुला दोष देत नाही, दोष द्यायलाही जोर लागतो.

तुझी,
ठकी

घरून (हो, घरूनच),
ता. १२ फेब्रुवारी

चि. ठकी हीस,
अ. उ. आ.

हे पत्र मावशीच्या हाती देतोय, तिनं आपलं पोस्टखातं उघडलंय. टाके सुकले, गुडघा वाकवायचं यंत्र सुरू झालं, हे तिच्याकडून कळलं. कुबड्या सोडून एक पाऊलही टाकू नकोस. अस्तर ओलं आहे असं समज.

तुझं पत्र वाचलं, दवाखान्यात फोन करून तू सोडलेली तारीख परत मिळवली आणि साहेबांना सांगितलं की डोंगर कुठे पळून जात नाही. मी घरात शिरलो तेव्हा अण्णांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, दुर्बीण कुठे म्हणून. बॅगेत आहे अशी थाप मारावी लागली.

ठकी, हे तू कसं करत होतीस गं? पहिल्याच दिवशी माझी कंबर धरली. एका दमात उचलणारा दादा संडासाच्या दारात अण्णांना धरून भिंतीला टेकून उभा होता आणि दोघंही धापा टाकत होतो. संध्याकाळपर्यंत डोळे मिटायला लागतात. इकडे अण्णांचा दांडपट्टा चालूच. माझे हात खरखरीत आहेत. ठकी आधी उशी वळवते आणि मग त्यांना. ठकी चहा बशीत ओतून, फुंकून देते. ठकी घाई करत नाही. काल त्यांना खुर्चीत ठेवताना माझा तोल गेला, तर खिडकीकडे बघत म्हणाले की ठकीनं उचललं म्हणजे आपण जड आहोत असं वाटत नाही.

तुला त्यांनी हे कधी सांगितलं नसणार, म्हणून लिहिलं.

तुझा,
दादा

मावशीकडून,
ता. १९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटला. त्यांनी मला एकदा तोंडावर म्हटलं असतं, तर दुसराही गुडघा दिला असता. बरंच झालं म्हटलं नाही ते.

डॉक्टरीणबाईंनी आज पाय टेकवायला लावला. नवं अस्तर धरतंय, असं त्या म्हणाल्या. पण ते मूळच्याइतकं चिवट नसतं. चालायचं, शिवायचं, जिनाही हळूहळू चढायचा, माणूस मात्र उचलायचा नाही. पुढच्या महिन्यात नाही, पुढच्या वर्षीही नाही. मी हो म्हटलं आणि टॅक्सीत बसून रडले.

तुझी रजा संपत आलीय आणि वहिनीनं तुमच्या तळमजल्यावरची खोली अण्णांसाठी रिकामी केलीय, हे मावशी बोलून गेली. तू विचारायला कचरतोस, म्हणून मीच लिहिते. घेऊन जा. हे लिहिताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. दोन्ही खरं आहे. फक्त निघायच्या दिवशी मी तिथे असेन, हात न लावता.

तुझी,
ठकी

घरून,
ता. ६ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचलात हे वहिनीच्या फोनवरून कळलं. अण्णांना तिथली खिडकी मोठी मिळालीय म्हणे, म्हणजे निम्मी लढाई जिंकलास.

तू आणि ड्रायव्हर खुर्ची उचलून जिन्यानं उतरत होतात, आणि तिन्ही मजले त्यांचं येऊ दे, येऊ दे चाललं होतं. मी सवयीनं हात पुढे केला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं तो बाजूला सारला. गाडीत बसल्यावर मला विचारलं, दादाच्या दुर्बिणीतून इथपर्यंत दिसतं का. मी दिसतं म्हटलं.

घर फार शांत आहे. पहिले काही दिवस मी नुसती झोपले. आता मशीन पुन्हा चालू केलंय, पायाऐवजी मोटरवर. दुपारी चहा होतो, मी बशीत ओतून फुंकते आणि मग लक्षात येतं. त्यांची आठवण येते आणि पाठ दुखत नाही, या दोन्ही गोष्टींची अजून सवय व्हायचीय. जिना चढताना गुडघा कुरकुरला की माझं मीच म्हणते, येऊ दे, येऊ दे.

लोभ आहेच, त्यातला थोडा आता त्यांच्या तक्रारींसाठी राखून ठेव. आणि एक काम कर. संध्याकाळी कामावरून आलास की ती दुर्बीण खरोखर त्यांच्या खिडकीशी लाव. त्यांना म्हणावं, नीट बघा. ठकी समोर पट्टी धरून उभी आहे, दोन्ही पायांवर.

तुझी,
ठकी