खाऱ्या पाण्याचे रिपोर्ट

४ जानेवारी, गुरुवार
रश्मी वेंगुर्ल्याला गेली त्याला आज सहा दिवस. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. पण जायचं होतं संक्रांत करून. ती आधीच गेली. घरात कारण कोणी बोलत नाही, मला ठाऊक आहे.

ती जाण्याआधीची गोष्ट. आठ दिवस खाडा होऊन नवव्या दिवशी नळ आला, अर्ध्या तासात गेला, ड्रम निम्मासुद्धा भरला नाही. आणि सूनबाई तिच्या समुद्राच्या टाकीसाठी आरओच्या पाण्याची बादली भरून त्यात मीठ कालवत बसलेली. माझ्या तोंडून गेलं, "माणसांना प्यायला पाणी नाही आणि माशांचे चोचले." ती मीठ ढवळत राहिली. संध्याकाळी आमच्या समीरला, नवऱ्याला, म्हणाली, "टाकी विकून टाक."

मीच आडवी आले. विकायची नाही, ती परत येईपर्यंत मी सांभाळते. हे बोलता आलं. माफ कर म्हणता आलं नाही. म्हणून इथं लिहिते.

(यापुढे र. म्हणजे रश्मी.)

५ जानेवारी
टाकी: तीन फूट. दगड, वाळू, दोन नारिंगी मासे. वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी. बोट फिरवलं की निघते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. बत्तीस वर्षं लॅबमध्ये रक्त-लघवी तपासली, एकही रिपोर्ट चुकला म्हणून परत आला नाही. ह्या भुकटीला काय घाबरायचं?

९ जानेवारी, मंगळवार
माळ्यावरून मायक्रोस्कोप काढला. निवृत्त होताना लॅबच्या मुलींनी दिलेला, एका डोळ्याचा. ह्यांनी विचारलं, "आता माशांची शुगर तपासतीस का काय?"

नमुना क्र. १. बघितलं आणि बघतच राहिले. लहान लहान काचेच्या होड्या, दोन्हीकडून निमुळत्या, हळूहळू सरकणाऱ्या. ह्यांनाही दाखवलं. मोबाइल भिंगाला लावून फोटो काढला, र.ला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. काय लिहावं सुचेना.

दहा मिनिटांत उत्तर: "आई, ह्या तर वेंगुर्ल्याच्या आमच्या होड्या! डायटम म्हणतात. नवीन टाकीत येतातच, आपोआप जातील. काळजी करू नका."

"आमच्या होड्या" तीनदा वाचलं. गेल्यापासून आलेला हा पहिला मेसेज, ज्यात "हो" आणि "ठीक" यापेक्षा जास्त शब्द आहेत. देवा, तुझे उपकार.

१५ जानेवारी, संक्रांत
भुकटी निम्मी. समीर शेंद्र्याच्या कारखान्यातून दुपारपाळी करून आला, टाकीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तू पण?" हसला. खूप दिवसांनी हसला. र.चा फोन. "तिळगूळ घ्या आई." मी म्हटलं, गोड बोल. ते मी म्हणायचं की तिनं, हे फोन ठेवल्यावर सुचलं.

२४ जानेवारी
कढीपत्ता गेला. ह्यांचं काम. टाकीतलं काढलेलं पाणी बादलीभर, ह्यांनी नेहमीसारखं कुंडीत ओतलं. आमच्या घरात पाणी फेकत नाहीत. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं झाडांना. सवयच. पण हे खारं. चार दिवसांत पानं वाळली.

"जन्मभर शेती केलेल्या घरातला माणूस," मी म्हटलं.

"मला काय म्हाईत, दिसतंय तर पाण्यावानीच," हे म्हणाले. मग हळूच, "र.ला सांगू नको गं." सांगितलं. फोनवर ती खुदकन हसली, तो आवाज ह्यांनाही ऐकू गेला. कढीपत्ता गेल्याचं वाईट वाटेना.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
नमुना क्र. २. हिरवे केस. दगडांवर, पंपाच्या तोंडाशी. चिमटीत धरून ओढले की तुटतात, मुळाशी घट्ट. मायक्रोस्कोपखाली लांब धागे, मध्ये मध्ये भिंती, आत हिरवं.

कारण शोधलं. घरातच सापडलं. हे सकाळी सहाला उठून दिवा लावतात आणि झोपताना बंद करतात. करमाडला शेतावर नाही गेले तर दिवसभर समोर बसतात. वर चिमूटचिमूट खाऊ, "भुकेलेत बिचारे." म्हणजे उजेडही जास्त, खाणंही जास्त. शेवाळाला आणखी काय लागतं?

दिवा आठ तास. खाऊ एकदा, मी घालणार. हे रुसले. दुपारचा चहा गॅलरीत घेतला.

१३ फेब्रुवारी
केस कमी. जुन्या टूथब्रशनं दगड घासते, गळालेलं नळीनं ओढून काढते. गुडघ्यांना त्रास होतो, पण हात पाण्यात असले की डोकं शांत राहतं. हे असं कधी वाटेल असं वाटलं नव्हतं.

र.चे पाय सुजलेत म्हणे. तिच्या आईला बीपी बघायला सांगितलं. लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या म्हटलं. र. म्हणाली, "घेतलं आई, नॉर्मल आहे. रिपोर्ट पाठवते." पाठवला. मी दोनदा वाचला. नॉर्मल.

२० फेब्रुवारी, मंगळवार
नमुना क्र. ३. हा घाबरवणारा. गडद लाल, शेंदरासारखा नव्हे, गोठलेल्या रक्तासारखा. सायीसारखा थर, त्यावर बारीक बुडबुडे. वाळूवर, दगडावर, एका दिवसात हातभर. मासे वर येऊन श्वास घेतात असं वाटलं. मासे गेले तर र.ला कोणत्या तोंडानं सांगू?

रिक्षा करून औरंगपुऱ्यात रफिकभाईंच्या दुकानात. टाकी त्यांच्याकडूनच आणलेली. फोटो बघून म्हणाले, "आपा, घबराओ नक्को. सबकू होता." मी म्हटलं, औषधाची बाटली द्या. दिली नाही. "दवा डालते नइं. पहले निकालो, पानी हिलाओ, खाना कम. नइं गया तो मैं खुद आता." विकायला बसलेला माणूस, आणि विकत नाही. घरी येताना रिक्षात डोळे भरून आले, उगाच.

२१ फेब्रुवारी
मायक्रोस्कोप: बारीक धागे, पेशीत केंद्रक नाही. म्हणजे शेवाळच नव्हे, जीवाणू. शाबास, डोळे अजून शाबूत आहेत. र.ला कळवलं. उत्तर: "आई तुम्ही ग्रेट आहात." खाली एक लाल बदाम.

बदाम मला आहे की जीवाणूंना, हे विचारलं नाही.

१ मार्च, शुक्रवार
लाल थर गेला. दहा दिवस रोज नळीनं काढला. पंपाचं तोंड वळवल्यावर पाणी नीट फिरू लागलं. मासे खातात. सगळ्यांचे आभार, रफिकभाईंचे पहिले.

६ मार्च, बुधवार
हे चार दिवस करमाडला, गहू काढायला. घर शांत. मोठी सफाई काढली.

पंपावर आणि मागच्या काचेवर टणक, खरखरीत ठिपके, लालसर. नमुना क्र. ४. नखानं निघत नाहीत. ह्या गावातल्या बाईला ते काय हे सांगावं लागत नाही. आपले नळ, गीझर, बादल्या, सगळ्यांवर हेच बसतं, बोअरच्या पाण्याचा क्षार. फक्त जुन्या लाल थराचा रंग चढलेला. तरी तपासल्याशिवाय बोलणारी मी नव्हे. ब्लेडनं थोडं खरवडलं, व्हिनेगरचा थेंब टाकला. फसफसलं. कॅल्शियम. रिपोर्ट: क्षार.

पंप दुपारभर व्हिनेगरमध्ये. काच ब्लेडनं. लख्ख.

८ मार्च, महाशिवरात्र
हे आले. पाय धुतले आणि थेट टाकीसमोर. मी साबुदाणा परतत होते.

"ते गुलाबी कुठं गेलं?"

"कुठलं?"

"पंपावरचं. मागल्या काचंवरचं. अकरा ठिपके व्हते. मी रोज मोजत व्हतो."

मी सांगितलं. हे सोफ्यावर बसले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "र.नं जाताना मला सांगितलं व्हतं. अण्णा, गुलाबी ठिपके दिसले की समजायचं टाकी आता रुजली. त्यासाठी तर ती दसऱ्यापासून वाट बघत व्हती. बाळ झाल्यावर सांगू म्हटलं, लई खुश झाली असती."

"मला का नाही सांगितलंत?"

मग म्हणाले, "तीच म्हणाली, आईंना सांगू नका, त्यांना वाटंल अजून काम वाढवलं."

साबुदाणा करपला.

१२ मार्च
ते गुलाबी शेवाळच. दगडासारखं वाढतं, अंगात चुना. म्हणून फसफसलं. म्हणजे टेस्ट बरोबर होती. रिपोर्ट चुकला. बत्तीस वर्षांत जे झालं नाही ते घरच्या टाकीत झालं.

संध्याकाळी र.चा ह्यांना फोन. मी स्वयंपाकघरात होते, ऐकलं. "न्हाई गं, अजून काही दिसंना." माझ्यासाठी खोटं बोलले. सुनेशी, आणि सुनेवर ह्यांचा जीव. बोलता येत नाही ह्यांच्याशी असलं काही, पण रात्रीच्या भाकरीवर लोणी जास्त घातलं. कळलं असावं.

१७ मार्च, रविवार
आज मीच फोन केला. आधी कागदावर लिहून घेतलं होतं, तो कागद वाचलाच नाही. सरळ सांगितलं. अकरा ठिपके, ब्लेड, व्हिनेगर, सगळं.

तिनं लगेच विचारलं:

"फेस आला होता, आई?"

"आला."

"मग ते तेच. खरंच आलं होतं!" आवाज एकदम वर. "आई, माझ्या हातून टाकी तिथवर गेलीच नव्हती. तुम्ही नेलीत."

मी म्हटलं, "पण घालवलं ना मी."

"परत येईल. दगडावर कुठंतरी राहिलं असेल. तीन-चार महिने लागतील, एवढंच."

मग मी म्हटलं, "र., त्या दिवशी पाण्यावरून मी जे बोलले…"

"आई, ते राहू द्या."

तिची आई जेवायला बोलावत होती, ठेवला फोन. राहू द्या म्हणजे सोडून दिलं, की राहू द्या म्हणजे बोलायचंच नाही? दिवसभर हेच.

१ एप्रिल, सोमवार
मुलगी! पहाटे पाच वाजता. दोघी सुखरूप. समीर तिकडेच आहे, रडत होता फोनवर. हिमोग्लोबिन विचारलं, चांगलं आहे. देवा, काय आणि किती मागू, सगळं दिलंस.

ह्यांनी दिवा दोन तास आधी लावला. आज मी अडवलं नाही.

५ एप्रिल
नवा ड्रम आणला, निळा, झाकणाचा. उन्हाळ्यात नळ आणखी लांबणार. हा फक्त टाकीसाठी. वर खडूनं "र." लिहिलं. आरओच्या नळाखाली भांडं लावून ठेवते, ते त्यात रिकामं करते. आज चार बोटं भरला.

९ एप्रिल, गुढीपाडवा
गुढी उभारली, मग टाकी बघितली. पंपाच्या मागं, खालच्या दगडाच्या कडेला, मोहरीएवढा एक ठिपका. गुलाबी आहे की उजेडामुळं वाटतं? चष्मा पुसून पाहिलं, भिंगातून पाहिलं. ह्यांना बोलावलं. "हाय," हे म्हणाले. मग, "कदाचित." मग पुन्हा, "हाय."

ब्लेड घेतलं नाही. व्हिनेगरची बाटली गच्चीवरच्या कपाटात ठेवून आले.

फोटो र.ला पाठवला. दुपारी उत्तर आलं: "आल्यावर बघते."

कधी, ते लिहिलं नाही. मी विचारलं नाही.

११ एप्रिल, गुरुवार
उद्या बारसं. आज रात्रीच्या गाडीनं निघायचं, वेंगुर्ल्याला. रफिकभाई माशांचं बघणार आहेत. किल्ली द्यायला गेले तर म्हणाले, "आपा, पोतीकू हमारी तरफसे दुआ." नातीला आशीर्वाद. खाऊच्या पुड्या करून ठेवल्या, एका दिवसाची एक, म्हणजे जास्त पडणार नाही.

बॅगेत: बाळाची दुपटी, झबली, र.साठी डिंकाचे लाडू, मायक्रोस्कोपखालच्या होड्यांचा फोटो छापून घेतलेला.

फोनवर तिनं राहू द्या म्हटलं. समोर गेल्यावर मी राहू देणार नाही. पण तिथं माणसं असतील, बाळ असेल, तिची आई असेल, आणि माझी जीभ ही अशी.

नमुना क्र. ५, मोहरीएवढा. तपासलेला नाही. रिपोर्ट पेंडिंग.