बोअरपाशी थांबणारं गाडं

मखमलाबाद, नाशिक
होळीनंतरचा रविवार, २००५

प्रिय साधनावहिनी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. फोन करता आला असता, पण आपल्या घरातला फोन कुठे असतो ते तुला माहीत आहे, आईच्या उशाशी. आणि जे बोलायचं होतं ते आजपर्यंत तिच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. हे ‘प्रिय’ आणि ‘तू’ वाचून तुझ्या वडिलांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांना सांग, लग्न होऊन आलीस त्याच आठवड्यात तूच मला दम भरला होतास, दिरानं अहोजाहो केलं तर चहात साखर मिळणार नाही. मी अजून त्या साखरेला धरून आहे.

तू लिहिलंस की सायखेड्याच्या नाथाभाऊंचा मागणीचा निरोप पुन्हा येऊन गेला. माणूस समजूतदार आहे, तुझ्या मनालाही पटला आहे, अक्षय्य तृतीयेच्या आत काय ते सांगा म्हणताहेत, आणि तुझ्या तोंडून ‘हो’ निघत नाही. का निघत नाही तेही एका ओळीत लिहिलंस. ‘हे अजून बोअरपाशी थांबतात, मग मी कुठल्या तोंडानं दुसऱ्या घरी जाऊ?’ ती ओळ वाचली, पत्राची घडी शर्टाच्या खिशात घातली आणि गवत कापायला गेलो, कारण दुसऱ्या दिवशी लॉनवर हळद होती. बोअरपाशी आलो आणि गाडं थांबलं. नेहमीसारखंच.

दादानं ते गाडं आणलं तेव्हा तू या घरात आली नव्हतीस. सातपूरच्या ज्या कारखान्यात तो फिटर होता, तिथल्या बागेसाठी कधीतरी परदेशातून मागवलेलं ते गवत कापायचं यंत्र. वर ऐटीत बसायचं, चाक धरायचं, खाली पाती फिरतात. भंगारात निघालं तसं दादानं ते टेम्पोत घालून घरी आणलं. टायर बसलेले, इंजिनात उंदरांनी संसार मांडलेला. आई पदर खोचून उभी होती, म्हणाली, ‘झेंडूच्या वावरात हे गाडं काय कामाचं रे बाबा?’ तेव्हापासून ते गाडंच. एक सुट्टी म्हणून दादानं सोडली नाही. गिरणीचा पट्टा, जीपची बॅटरी, सीटखाली स्कूटरची स्प्रिंग, आणि पात्यांसाठी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं लोखंड घासून घासून धार लावलेलं. परदेशी म्हणावं असं त्यात फारसं काही उरलं नाही. शेवटी एकदाचं ते धूर सोडत सुरू झालं, तेव्हा कापायला आपल्याकडे गवतच नव्हतं! मग या पठ्ठ्यानं झेंडू काढून गवत लावलं. शहर आपल्या बांधापर्यंत आलंच होतं, जो तो वावराचं लॉन करून लग्नाला भाड्यानं द्यायला लागला होता. आपणही कमान उभारली, आईचं नाव घातलं, ‘भागुबाई लॉन्स’. आई त्या कमानीखालून जायलासुद्धा लाजायची. त्या लॉनवरचं पहिलं लग्न तुमचं. हे तुला मी सांगायला नको.

मी तेव्हा सिन्नरला नोकरीत, खोली करून राहिलेला. त्यामुळे दादा गाडं कसं चालवायचा, कुठे वळायचा, कुठे थांबायचा, यातलं मी काहीच नीट पाहिलेलं नाही. तूही सकाळी बालवाडीत शिकवायला जायचीस आणि तो तर सकाळीच गवत कापायचा. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे तिचं काम आहे.

सिंहस्थाच्या वर्षी श्रावणात काय झालं ते मी लिहीत नाही. बोअरच्या मोटारीची विजेची पेटी, खाली साचलेलं पाणी, ओल्या चपला. बस.

मी सिन्नरची खोली सोडून परत आलो. तुळशीचं लग्न झालं आणि लॉनवर बुकिंगं आली. गवत गुडघ्याला टेकलं होतं. पहिल्यांदा त्या सीटवर बसलो तेव्हा वहिनी, मला वाटलं, मी कुणाच्या तरी मांडीवर बसतोय. दादाच्या बैठकीनं तिला एका बाजूला खळगा पडला होता. तो डाव्या अंगाला कलून बसायचा ना, तसा. मला त्यात नीट बसताच येईना. तीन बाजू कापून बोअरच्या कोपऱ्यात आलो आणि इंजिन एकदम गप्प झालं. आचका नाही, फटफट नाही, कुणीतरी हात ठेवून गप्प केल्यासारखं. पेटी माझ्या हाताच्या अंतरावर होती. किल्ली फिरवली तर पुन्हा लगेच सुरू. पुढच्या फेरीला तिथेच बंद. मान वळवली तर ओट्यावर आई उभी, आणि तिच्या मागे दाराला धरून तू. आई म्हणाली, ‘वाईच बसू दे त्याला. दमलाय त्यो.’ तू आत निघून गेलीस. त्या दिवसापासून तू आमच्या पंगतीला बसून कधी पोटभर जेवली नाहीस, हे मी पाहिलं आहे.

मी भुताखेताला मानणारा नाही, निदान तसं चारचौघांत म्हणतो. प्लग बदलला. कार्ब्युरेटर उघडून रॉकेलनं धुतला. पेट्रोलची नळी नवी घातली, टाकीतला गंज काढला. खालच्या पत्र्याला चिकटलेला गवताचा लगदा दर वेळी खुरप्यानं खरवडला, ग्रीस भरलं, ऑइल बदललं. गाडं नव्यासारखं पळायला लागलं आणि बोअरपाशी थांबत राहिलं. आई पेटीवर चहाचा कप ठेवायला लागली. मी दूध नासलंय म्हणालो, मुंग्या होतात म्हणालो, ती ऐकायची नाही. तण काढायला येणाऱ्या धोंडाबाईनं त्या कोपऱ्यात पाऊल टाकायचं सोडलं. आणि खरं सांगू? मलाही सवय झाली. तो कोपरा जवळ आला की माझे खांदे आपोआप सैल पडायचे. गाडं थांबलं की मी लगेच किल्ली फिरवायचो नाही. हात मांडीवर ठेवून बसायचो. पाठीवर कुणीतरी आहे असं वाटायचं, आणि मागे बघायचं धाडस व्हायचं नाही. कधी कधी मी हळूच बोलायचोही. बुकिंग किती झाली, कुठला पाहुणा भांडला, तू येवल्याला माहेरी गेलीस ती परत येईनास म्हणून आई रुसली आहे, असलं काहीबाही. उत्तर यायचं नाही, पण कुणी ऐकत नाही असंही वाटायचं नाही.

तर तुझं पत्र खिशात असताना गाडं थांबलं, आणि या वेळी मला त्याचा राग आला. म्हटलं, दादा, हे तू तुझ्या बायकोला का करतोयस? मोठ्यानं म्हटलं. धोंडाबाईनं लांबूनच कानाला हात लावले. मग घरी नेऊन गाडं शेडमध्ये घातलं आणि आजवर जे केलं नव्हतं ते केलं, सीट उचलली.

तू म्हणशील, एवढं सगळं खोललंस आणि सीट तेवढी राहिली? राहिली खरी. ती दादाची सीट होती. तिचं रेक्झिन फाटलं होतं तरी मी वरून प्लॅस्टिक बांधून चालवत होतो, आईनं तिला कुणाला हात लावू दिला नाही आणि मीही लावला नाही. त्याची थाळी जशी आपण फळीवर पालथी ठेवली आहे तसंच ते. गेलेल्या माणसाची बैठक उलटी करायची तरी कशी?

सीटखाली एक बटण आहे. माणूस बसला की वजनानं ते दाबलं जातं आणि इंजिन चालतं. माणूस खाली पडला किंवा उतरला तर बटण सुटतं, इंजिन बंद होतं, पात्यांत पाय जाऊ नये म्हणून बनवणाऱ्यानंच केलेली ती सोय. त्या बटणाची तार सैल झाली होती, चिमटीत धरली की हलायची. आता बोअरचा कोपरा आठव. तिथे जमीन खोलगट आहे. चाक खळग्यात उतरलं की बसलेला माणूस अंमळ उचलला जातो, त्या धक्क्यानं सैल तार सुटते, गाडं गप्प. मी शेडमध्येच बटण हातानं दाबून धरून इंजिन चालू केलं आणि तार जराशी हलवून पाहिली. अगदी तसंच बंद पडलं, कुणीतरी हात ठेवून गप्प केल्यासारखं. त्याच खोलगट जागेत पाणी साचलं होतं म्हणून दादा गेला, आणि त्याच जागेमुळे तो अजून तिथे आहे असं आपल्याला वाटत राहिलं. हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

पक्कड हातात घेऊन मी तसाच बसून राहिलो. तार जोडायला कितीसा वेळ लागतो? पण हात पुढे होईना. जोडली तर आईचा चहा कुणासाठी? आणि माझं बोलणं कुणाशी? तेवढ्यात शेडच्या दारात आई आली. उलटी सीट पाहून ती ओरडेल असं मला वाटलं. ती येऊन पाटावर बसली आणि म्हणाली, ‘घावली का तार?’

वहिनी, तिला माहीत होतं. दादा होता तेव्हाही गाडं तिथेच थांबायचं. ती चहा घेऊन जायची तेव्हा तो तिला हसत सांगायचा, ‘आई, खड्ड्यात गेलं की बूड उचलतं, तार सुटती आन् गाडं गप व्हतं. जोडीन कवातरी.’ जोडायचं राहून गेलं, आणि त्यालाही ते बरंच होतं, कारण तिथे थांबून तो चहा प्यायचा. मला संताप आला. मी आवाज चढवून विचारलं, मग तो तिथे बसतो, दमलाय, असलं वहिनीला का ऐकवत राहिलीस? पोरगी झुरून अर्धी झाली. आई खाली मान घालून म्हणाली, ‘माझा राजा तर गेला व्हता. तो हितं हाय म्हनलं तर सून तरी ऱ्हाईल, असं वाटलं. ती गेली तर या घरात कोन राजाचं नाव काढील? तू तर त्याचं नाव आलं का उठून जातो.’ पुढे म्हणाली, ‘ती येवल्याला गेली तवाच सांगायला पायजे व्हतं. जीभच उचलली नाय.’ आणि शेवटी, ‘जोड ती. लय दिस झाले.’

मी तार जोडली. आई लॉनच्या काठाला उभी राहिली, हातात चहा नव्हता. बोअरचा कोपरा आला, माझे खांदे सैल पडले, आणि गाडं खळग्यातून हेलकावत सरळ पुढे निघून गेलं. थांबलं नाही. मी पुन्हा वळवून आणलं, पुन्हा गेलं. चाक धरून मी रडायला लागलो, इतका की पुढचं गवत दिसेना आणि गुलाबाच्या वाफ्याची कड कापली गेली. दादाला नेलं तेव्हा लोक माझ्याकडे बघून म्हणत होते, धाकटा खंबीर आहे. धाकटा खंबीर नव्हता वहिनी, धाकट्याच्या लेखी तो गेलाच नव्हता. तो मला या आठवड्यात गेला. आता तो कोपरा नुसता कोपरा आहे, आणि शेडमधून गाडं बाहेर काढताना माझा पाय अडतो.

हे सगळं आईला विचारून लिहितो आहे, आत्तापर्यंत तीच समोर बसून होती. आज सकाळी तिनं मला वही-पेन आणायला लावलं आणि म्हणाली, ‘तिला खरं काय ते कळव, आन् माझा निरोप लिही.’ तो तिनं सांगितला तसा देतो. लग्न आपल्या लॉनवर करू नका, तेवढं तिच्याच्यानं पाहवणार नाही, आणि ती लग्नाला येणारही नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण यंदाचा दिवाळसण तुझ्या वडिलांनी करायचा नाही. तो ती करणार. नाथाभाऊंना जावई म्हणून या घरी पाटावर बसवायचं, त्यांना तेल-उटणं लावायचं, अहेर करायचा आणि तुझी ओटी भरायची, हे तिनं ठरवून टाकलंय, आणि तुझ्या वडिलांनी हुज्जत घातली तर ती स्वतः एसटीनं येवल्याला येऊन भांडणार आहे. ‘सासू म्हनून ठिवायला गेले, ऱ्हायली नाय. आता आई म्हनून बोलावते, येती का विचार,’ असं म्हणाली आणि उठून आत गेली. तर वहिनी, हे पत्र त्यासाठी. सायखेड्याला होकार कळव. आणि दिवाळीला येशील तेव्हा भाऊबीजेपर्यंत राहा, मला ओवाळायला कुणी नाही.

तुझाच,
कुंदन