ठकीचा गॅस

३ मार्च, सोमवार
गाईड सर म्हणाले, "मोजमाप चुकलंय तुझं." तिसऱ्यांदा! पुन्हा केलं. नाही चुकलेलं!

दीर्घिकांचा, म्हणजे आकाशगंगांचा, तो प्रचंड समूह, त्याच्या मध्याजवळ ही एवढीशी बटू दीर्घिका — आणि थंड वायू जवळ जसाच्या तसा! समूहात तापलेला वायू भरलेला असतो. त्यातून धावताना छोट्यांचा वायू उडून जातो, वाऱ्यात टोपी उडावी तसा. हिचा उडालेला नाही. हट्टी कुठली! नाव ठेवलं — ठकी.

४ मार्च
बाबांनी इमारतभर सांगितलंय, "आमची मुलगी गॅसवर संशोधन करते." परिणाम — शेजारच्या काकू दारात. "अगं, शेगडी पिवळी जळतेय, बघतेस का जरा?" गेले. बर्नर टाचणीने साफ केला. ज्योत निळी! काकू म्हणाल्या, "शिकलेल्या माणसाची गोष्टच वेगळी!"

चार वर्षांत माझ्या संशोधनाचा हा पहिला उपयोग.

६ मार्च
सर: "सोमवारपर्यंत कारण दे, नाहीतर तिला यादीतून काढ." ठकी गेली की प्रबंधाचं शेवटचं प्रकरण गेलं. मग उरलं काय? बर्नर!

७ मार्च
जेवताना रडायलाच आलं. बाबांनी तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली. शांतपणे म्हणाले, "गच्च भरलेल्या बसमध्ये एकाच्याच शर्टाची इस्त्री शाबूत आहे. तो कोण?"
"कोण?"
"आत्ताच चढलेला! तिकीट त्याच्याकडे मागायचं."

घास हातातच राहिला. ठकी समूहात आत्ताच शिरत असेल तर? तिला वारा लागायला वेळच कुठे मिळालाय!

१० मार्च
सरांना पटलं!! "सुचलं कुणाला?" सांगितलं. म्हणाले, "त्यांनाच पाठव उद्यापासून."

आता फक्त नवं, स्पष्ट चित्र यायचंय. ठकीचा थोडा वायू सुटायला लागला असेल तर त्याची शेपटी दिसेल. ती आत शिरतेय, म्हणजे शेपटी मागे, समूहाच्या बाहेरच्या बाजूला. नुसती औपचारिकता! शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरलं — 'नुकतीच आलेली बटू दीर्घिका'. बाबांना आभारात टाकलंय.

१४ मार्च
चित्र आलं. शेपटी समूहाच्या मध्याकडे! ठकी आत येतच नाहीये. अख्ख्या गर्दीतून पार होऊन बाहेर पडतेय — आणि गॅस अजून पोटाशी धरलेला!!

सरांना फोन केला. म्हणाले, "म्हणजे चुकलं कुणाचं?"
"सगळ्यांचं, सर!"