म्हशीचा उतार

४ फेब्रुवारी २००३
एक्सल मिळाला! इंजिन जाम होऊन भंगारात निघालेल्या एका नव्या जीपचा, अख्खा, डिस्क ब्रेकसकट. कनेरगाव नाक्यावर प्रेमसिंगच्या गॅरेजात उतरवला. "माझ्या जुन्या पिकअपला बसंल का?" विचारलं. म्हणाला, "बसंल न्हाई, बसवावा लागंल." मिस्त्री कमी, वकील जास्त!

घरी येऊन सुमनला सांगितलं. "बरं," म्हणाली न् एका हाताने भाकरी थापत राहिली. डावा हात अपघातापासून वाकडाच बसलाय. दीड वर्ष झालं, बायको माझ्या गाडीत बसत नाही. गोरेगावच्या बाजाराला लोकांच्या जीपने जाते. लाज वाटते मला.

७ फेब्रुवारी
नवा एक्सल जुन्यापेक्षा चार बोटं रुंद निघाला. त्याच्यावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका कापून आत सरकवाव्या लागणार. प्रेमसिंग तीनदा मापतो, मग एकदा कापतो.

८ फेब्रुवारी
वेल्डिंग. दुसरं काही नाही.

१० फेब्रुवारी
गाडी काढली. नाक्यावर ब्रेक दाबला — प्रेमसिंगचं डोकं काचेवर! "काहून हापसून राहिला? येकदाच दाब की!" काय करू, पाय आपोआप तीनदा दाबतो. जुने ब्रेक त्याशिवाय धरतच नव्हते. गॅरेजात आल्यावरही तो हसतच होता. "ही सवय येका दिवसाची न्हाई, दगडोबा. वरीसभर तरी हापसला असशील!"

सुमन डबा घेऊन तिथेच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

११ फेब्रुवारी
इथे तरी खरं लिहितो. अपघाताच्या दिवशी उतारावर म्हैस आडवी आलीच नव्हती. ब्रेक लागला नाही. गाडी बाभळीवर गेली, मागे पोत्यांवर बसलेली सुमन खाली फेकली गेली. ब्रेक गेलेत हे मला कितीतरी महिने ठाऊक होतं. आज करू, उद्या करू! मग सगळ्यांना म्हैस सांगितली. आता लोक त्या जागेला म्हशीचा उतार म्हणतात. कोणी नाव घेतलं की मी विषय बदलतो.

सुमन गाडीला भिते, असंच मी धरून चाललो. तिला सांगायला पाहिजे.

१२ फेब्रुवारी
ग्रीस भरलं. सांगायचं राहिलं.

१३ फेब्रुवारी
सकाळी चहा घेताना सांगून टाकलं. म्हैस नव्हती.

"ठाऊक हाय. पोत्यांवर उंच बसले व्हते मी. रस्ता मोकळा व्हता."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तुमी कधी सांगता, तेच पाहून राहिले व्हते."

बाजाराची पिशवी घेतली, न् पिकअपमध्ये पुढे जाऊन बसली.