सिसिलीत गाडी कोण चालवणार?

१२ जानेवारी

मला वाईन प्यायची आहे.

लिहिलं एकदाचं! साठीला टेकलेली, शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेली, नागावात 'बाई' म्हणून ओळखली जाणारी मी — आणि हे लिहितेय.

प्यायची म्हणजे चाखायची. आश्लेषा नाशिकजवळ एका वायनरीत प्रयोगशाळेत काम करते. दिवाळीनंतर तिच्याकडे गेले तेव्हा तिने मला चाखायच्या टेबलापाशी उभं केलं. ग्लास हातात दिला. मी मान वळवली. सवयच तशी. त्या वासाची माझी एकच ओळख — विश्वंभरचा सदरा. किती वर्षं धुतला मी तो वास. लेक म्हणाली, "आई, नुसता वास घे. नाही आवडला तर ठेव खाली."

घेतला. आणि त्यात विश्वंभर नव्हताच! पपनसाची साल होती. पाणी मारलेला कातळ होता. मला आनंद नाही झाला, राग आला. एवढं सगळं ह्या वासात होतं, आणि ह्या माणसाने इतकी वर्षं ते एकट्याने अडवून धरलं!

(तोंडाने मी त्याला अहो म्हणते. इथे 'तो'. इथे कोण ऐकतंय.)

दारू सोडून आठ वर्षं झाली त्याला. थेंब नाही. नारळ-सुपारीची वाडी, पाहुण्यांना द्यायच्या दोन खोल्या, आणि दर गुरुवारी अलिबागला दारू सोडलेल्यांची बैठक. आमच्या फाटकावर पाटी आहे — 'येथे मद्यपान चालणार नाही'. ती मीच रंगवलीय.

तर — सिसिली. मे महिन्यात. त्याला अजून सांगितलेलं नाही.

१७ जानेवारी

दुपारभर नकाशा. फळ्यावर मी एट्ना किती वेळा काढला असेल! लाल खडूने लाव्हा, पांढऱ्याने धूर. त्या डोंगरावर कुणी द्राक्षं लावत असेल असं एकदाही मनात आलं नाही. पूर्वेला ही ज्वालामुखीची काळी माती. दक्षिणेला तांबडी. पश्चिमेला मार्सालाकडे पांढुरकी, आणि किनाऱ्याला मिठागरं — आपल्या पेण-उरणसारखी. आणि पार खाली समुद्रात पँटेलेरिया नावाचं टिकलीएवढं बेट. तिथे वारा इतका की वेल खड्ड्यात लावतात, म्हणजे त्याला वारा लागत नाही. निसर्ग वादळात आमच्या निम्म्या पोफळी झोपल्या, तेव्हा हे कुणी सांगायला हवं होतं.

एका बेटावर एवढ्या तऱ्हा! पूर्वेकडून पश्चिमेला जायचं म्हणजे मुंबई-रत्नागिरीएवढं अंतर. बसेल नऊ दिवसांत.

फोनवर आश्लेषा ओरडली — "आई, किती कोंबतेयस! दिवसाला दोनच जागा. तिसऱ्या जागी जीभ मरते. आणि गिळायचं नाही सगळं, थुंकायचं." थुंकायला भांडं ठेवतात म्हणे. चारचौघांत, साडी नेसून, मी थुंकणार!

थुंकीन.

२१ जानेवारी

सांगितलं. तो पडवीत नारळ सोलत होता.

"अहो, मला सिसिलीला जायचंय."

"कुठे?"

"इटलीत. द्राक्षांच्या मळ्यांतून हिंडायचंय. वाईन चाखायला."

नारळ पहारीवर तसाच रुतलेला राहिला.

"तू?"

"मी."

"जगात बघायला दुसरं काही उरलं नाही?"

"आहे की. पण मला हे बघायचंय."

उठला. वाडीत जाऊन पंप सुरू केला. सकाळीच शिंपणं झालं होतं! पोफळींच्या आळ्यांत तळी साचेपर्यंत तिथेच उभा राहिला.

२२ जानेवारी

बोलणं नाही. सुरमई केली, तरी नाही.

२५ जानेवारी

धाकटी जाऊ आली. पूनम. तिला कुणी सांगितलं देव जाणे. चहा पुढे ठेवायच्या आत सुरू — "वहिनी, तुम्हीच त्यांना त्यातून काढलंत ना? आता तुम्हीच विस्तवाशेजारी लोणी नेऊन ठेवताय?"

मी म्हटलं, "लोणी घरीच राहणार आहे. मी एकटी जाणार."

"एकट्या! दारू प्यायला!"

हिला वाईन आणि दारू यांतला फरक सांगत बसले नाही. फरक आहे की नाही, माझं मलाच अजून नक्की माहीत नाही.

ती गेल्यावर मात्र वाईट वाटलं. खरंच दुष्टपणा करतेय का मी? त्याच्या घरात, त्याच्या डोळ्यांसमोर हे नकाशे पसरून?

मग आठवलं — त्याच्या पिण्याच्या वर्षांत घर माझं चुकलं नाही. शाळा चुकली नाही. आजारपण काढलं ते मी. सोडल्यावर पाटी लावली ती मी. लग्नात सरबत, सहलीत सरबत, आश्लेषाला नोकरी लागली तेव्हाही सरबत. कुणी मला विचारलं का कधी — श्यामला, तुला काय हवंय? तर हे हवंय. जाणार.

३ फेब्रुवारी

अडलं. मळे डोंगरात, फाटे आडवळणाचे, बस मोठ्या गावापर्यंतच. तिथून पुढे गाडीच हवी. आणि चाखलेल्या माणसाने गाडी चालवायची नाही, हा तिथला कायदा. कुठलाही शहाणा कायदा हेच म्हणेल. आश्लेषाला मेमध्ये रजा नाही. मला स्कूटर येते, चारचाकी नाही. ड्रायव्हरसकट गाडी नऊ दिवस खिशाला परवडणारी नाही.

पँटेलेरिया खोडलं. मग दक्षिण खोडली. मग पेन्सिल ठेवून दिली.

४ फेब्रुवारी

रात्रीचं जेवण. तो ताटाकडे बघत, भात कालवत म्हणाला — "गाडी मी चालवतो."

९ फेब्रुवारी

गेले पाच दिवस मी हाच विचार करतेय. न पिणारा माणूस हवा होता. तो तर माझ्या घरातच होता! वर गाडी उत्तम चालवतो. पण त्याला तिथे न्यायचं?

त्यानेच मार्ग काढला. बैठकीतल्या सदाला घरी घेऊन आला. सदाची रेवदंड्याच्या खाडीत होडी आहे. बारा वर्षं झाली त्याला सोडून, विश्वंभरचा गुरूच तो. ओटीवर बसून मला म्हणाला, "बाई, तुमी जावा. ह्यो कशापायी येतो, ते ह्याला इचारा."

"हिला सोबत म्हणून," विश्वंभर म्हणाला.

"व्हय? मंग बायकोकडं बगायचं. गिलासाकडं न्हाय. ती आत, तू गाडीत. आन जीव घाबरला की मला फोन. हिकडं किती वाजलंत ते बगू नको."

"आणि जमेल असं नाही वाटलं तर?" विश्वंभरने विचारलं.

"तर तसं सांगायचं," सदा म्हणाला. "त्यात लाज न्हाय. न सांगन्यात हाय."

२० फेब्रुवारी

पेणला जाऊन परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून आलो. तिथे उजव्या बाजूने चालवायचं, म्हणून विश्वंभर वाडीतल्या आमच्या कच्च्या रस्त्यावर गाडी उजवीकडून न्यायचा सराव करतोय. काल चुकून गल्लीतही उजवीकडूनच निघाला. समोरून रिक्षा! रिक्षावाला ओरडला — "काका, सकाळी सकाळीच टाकली काय?"

दोघंही इतके हसलो! किती वर्षांनी. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पँटेलेरिया परत लिहिलं. पेनने.

८ मार्च

पाहुणे दुपारी गेले. खोली झाडायला विश्वंभर गेला, आणि बराच वेळ झाडूचा आवाज येईना. मी गेले. तो खाटेवर बसला होता. शेजारी रेड वाईनची बाटली, अर्धी. पाहुण्यांनी पाटी वाचून लपवली असणार, आणि मग विसरले.

 मी मोरीत ओतायला बाटली उचलली.

"ओतू नको," तो म्हणाला.

"अहो!"

"मला नको. तू घे. माझ्यासमोर घे. तिकडे जाऊन पहिल्यांदा बघण्यापेक्षा इथे बघतो."

मला नाही म्हणायचं होतं. पण तो हट्टाला पेटला होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला पटलंही. स्टीलच्या पेल्यात दोन घोट ओतले. स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो, टेबलाला. वास घेतला. घोट घेतला.

"कसली लागते?"

"काही खास नाही. कच्च्या करवंदाचा चीक... आणि मागून जळकं. करवंटी जाळल्यासारखं."

"आणि?"

"आणि शेवटी थोडं मीठ."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. अगदी लक्ष देऊन. मग म्हणाला, "एवढी वर्षं प्यालो. चव कसली ती मला एकदाही कळली नाही गं."

 मी उरलेली बाटली मोरीत ओतली. त्याने पेला माझ्या हातातून घेतला, घासला, पुन्हा घासला, पालथा घातला. मग सदाला फोन लावून वाडीत गेला. परत आला तेव्हा चेहरा पांढरा होता. पण जेवला नीट. "जमलं," म्हणाला. मी मान हलवली.

जमलं!

२७ मार्च

व्हिसाच्या कामाला मुंबई. मांडव्याहून लाँच. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आजी, पर्पज? साइट सीइंग?"

"वाईन चाखायला," मी म्हटलं. मोठ्याने.

तिने वर बघितलं. मग विश्वंभरकडे. "आणि काका?"

"ड्रायव्हर," तो म्हणाला.

परतताना लाँचच्या वरच्या बाजूला बसलो. त्याने डोळे मिटून घेतले. ऊन लागलं असेल म्हटलं.

६ एप्रिल

दोघांचे व्हिसा आले! आश्लेषाने तिकिटं काढली. मी एट्नाच्या मळेवाल्यांना इंग्रजीत मेल लिहिली. उत्तर आलं — त्यांची आजी पंच्याऐंशीची आहे, ती स्वतः वेली दाखवेल. विश्वंभरला वाचून दाखवलं. "छान," म्हणाला, आणि पंप सुरू करायला गेला.

शिंपणं सकाळीच झालं होतं.

१४ एप्रिल

आज त्याने सांगितलं. सकाळी, चहा ठेवला तेव्हाच.

"श्यामला, मी येत नाही."

मी गॅस बंद केला.

"त्या दिवशी तू पीत होतीस ना... तू करवंद म्हणालीस तेव्हा मी तुझ्याकडे बघत नव्हतो. पेल्याकडे बघत होतो. तुझ्या हातातून हिसकून घ्यावा असं वाटलं. म्हणून घेतला आणि घासला. धुतलेलं पाणीसुद्धा..." थांबला. "जमलं म्हणालो ते खोटं. त्या दिवसापासून रोज तो पेला दिसतो मला. तिथे मी गाडीत बसून राहणार नाही. मला माहीतय."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू पँटेलेरिया पेनने लिहिलंस. तुझा चेहरा बघितला मी."

मी त्याच्या समोर बसले. त्याचे हात टेबलावर होते, मी धरले.  मला रडू येईल वाटलं, आलं नाही. मला फार थोर माणूस दिसत होता समोर. पीत नव्हता म्हणून नाही, खरं बोलला म्हणून.

मग मी म्हटलं — म्हणायलाच हवं होतं — "राहू दे. नको जाऊ या. आपण दोघं दुसरीकडे कुठे जाऊ. हिमाचलला."

हात सोडवून घेतला त्याने. आवाज चढला. कितीतरी वर्षांनी चढला. "खबरदार! माझ्या पिण्यापायी तुझं आयुष्य गेलं. आता माझ्या न पिण्यापायी पण घालवणारेस?"

मागच्या दाराशी मांजर ओरडायला लागलं. त्याने उठून त्याला दूध घातलं.

दिवसभर मी नुसती वाडीत फिरले. एकदा वाटायचं ह्याला एकटं टाकून जायचं कसं. एकदा वाटायचं हा एकटा राहू शकतो, हे त्याने आजच तर दाखवलं. संध्याकाळी सदाला मीच फोन केला. म्हणाला, "तो माज्याकडं ऱ्हाईल. होडी रंगवायची हाय, हात लागतील. बाई, तुमी निगा."

१६ एप्रिल

त्याचं तिकीट रद्द केलं. एट्नाच्या आजीला कळवलं — एकटीच येतेय, गावच्या बसथांब्यावर कुणीतरी न्यायला या. बाकीच्या मळ्यांनाही तेच लिहिलं. दोघांनी हो म्हटलं, एकाने नाही. तो खोडला.

विश्वंभर मांडव्यापर्यंत सोडायला येतो म्हणाला.

या, म्हटलं.