फुल्या नसलेलं बाड

३ मार्च

चि. बंडूस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाराव्या कादंबरीचं बाड आजच्या टपालाने परत पाठवलं आहे. उडत्या गालिच्याचा परवाना काढायला निघालेला राक्षस! साठी आली तरी तुझी बुद्धी पाळण्यातच. कामं पडली आहेत, जास्त लिहीत नाही.

लोभ आहेच, तो वाढावा असं तू काही करत नाहीस.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बाड उघडलं आणि खुर्चीतच बसलो. एकही लाल फुली नाही! तुला हसू आलं नाही तिथे तू फुली मारतेस आणि मी तेवढा मजकूर उडवतो, अशी अकरा पुस्तकं झाली. मागच्या वेळी तर राजकन्येचं अख्खं लग्न मोडलंस. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून आंबट झालेली माझी बहीण शेवटी हसली! हे पुस्तक आपटलं तर पुढचं छापणार नाही असं प्रकाशकाने बजावलं होतं, पण आता कसली भीती? एक ओळही न बदलता बाड तसंच त्याच्याकडे धाडलं. एक सांगू का, तुझं अक्षर हल्ली कोंबडी नाचल्यासारखं येतं.

हरलीस, तरी माया असू दे.

तुझा बंडू

१६ मार्च

चि. बंडूस,

आशीर्वाद मागाहून. अरे गाढवा, मी ते वाचलेलंच नाही! गालिचा नि राक्षस तूच फोनवर सांगितला होतास. डावा डोळा कामातून गेलेलाच होता, शस्त्रक्रियेनंतर उजवाही गेला. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून बाड तसंच परत केलं. तू ते डोळे मिटून छापायला देशील एवढा मूर्ख असशील असं वाटलं नव्हतं. चूक माझीच, तुला ओळखून असायला हवं होतं.

हे पत्र शेजारची शिवणवाली लिहिते आहे. तुझं पत्र वाचताना ती चारदा हसली. तिला कशानेही हसू येतं, तेव्हा हुरळून जाऊ नकोस.

आधी प्रकाशकाला फोन करून छपाई थांबव. मग बाड घेऊन इकडे ये आणि मला मोठ्याने वाचून दाखव. फुल्या तूच मारायच्या, मी सांगेन तिथे. तुझी पुस्तकं मला भिकारच वाटतात, बंडू. पण आता ती वाचता येणार नाहीत म्हणून आठवडाभर रडले.

लवकर ये. डोळे गेलेत, जीभ शाबूत आहे.

तुझी ताई